पुन्हा गणपतीपुळे! ‘नवरा माझा नवसाचा २’ पहिल्याला गाठतो का?

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय. फक्त दहा-बारा ‘म्हणजे’ आणि मागून आलेली लोकलची अनाउन्समेंट काढून टाकलीय.)

लोकलमध्ये उभ्याने ऐकत असाल तर आधी इअरफोन नीट खोचा आणि बॅग पुढे घ्या. दिव्याला गर्दी चढते. जागा मिळाली असेल तर तुम्ही नशीबवान, तुमच्याशी मी बोलत नाही.

आजचा विषय मागच्या भागाखाली आलेल्या प्रश्नातून आलाय. कल्याणच्या एका श्रोतीने विचारलं होतं, “दादा, फॅमिली ट्रिपवाल्या कॉमेडीचा दुसरा भाग कधी पहिल्याइतका चांगला होतो का? एक तरी सांग.” मी उत्तर टाइप करायला घेतलं आणि अर्ध्या तासाने लक्षात आलं की हे कमेंटमध्ये मावणार नाही. कारण मराठीत या प्रश्नाची अगदी हातातली केस आहे आणि तिच्यात आमचं अख्खं घर अडकलंय.

केस म्हणजे ‘नवरा माझा नवसाचा’. पहिला २००४ चा, दुसरा २० सप्टेंबर २०२४ चा. वीस वर्षांचं अंतर. दोन्हीचे दिग्दर्शक सचिन पिळगांवकर, दोन्हीत सचिन-सुप्रिया, दोन्हीत अशोक सराफ. दोन्हीत नवस आणि दोन्हीत मुक्काम पोस्ट गणपतीपुळे. पहिल्यात एसटीने जातात, दुसऱ्यात कोकण रेल्वेने. पहिल्यात अशोकमामा कंडक्टर, दुसऱ्यात टीसी.

आता तुम्ही म्हणाल, एवढंच? वाहन बदललं की झाला सिक्वेल? थांबा, माझं म्हणणं असं आहे की सगळा घोटाळा त्या वाहनातच आहे.

ज्यांनी पाहिला नसेल (असे कोण आहात, हात वर करा) त्यांच्यासाठी थोडक्यात. नवरा-बायको आहेत, लग्नाला वर्षं झालीयत, मूल नाही. एक जुना नवस फेडायचा राहिलाय आणि तो असा की, नवऱ्याने नागडं गणपतीपुळ्याला जायचं. बायको हटून बसलीय, नवरा लाजेने मरायला टेकलाय. आणि हे सगळं एसटीत, भरलेल्या एसटीत.

इथे जरा थांबू या. विनोद नेमका कुठून येतो ते बघा. वरवर बघितलं तर नवस मजेशीर आहे म्हणून आपण हसतो. पण त्याच्या खाली एक खरं दुखणं आहे. मूल नसलेल्या जोडप्याला आपल्याकडे काय काय ऐकावं लागतं ते सोसायटीत राहणाऱ्या कुणालाही सांगायला नको. डोंबिवलीत तर लिफ्टमध्ये विचारतात. ती बाई देवाकडे जाते ते त्यामुळे, आणि तो नवरा शेवटी तयार होतो तेही त्यामुळेच. म्हणजे ही सहल हौसेची नाहीच, गरजेची आहे. जायचं नसताना जावं लागणं, यातून जेवढा विनोद निघतो तेवढा जायची हौस असताना निघत नाही.

आणि दुसरं म्हणजे ती बस. तुम्ही आता शिवनेरी नाहीतर स्लीपर कोचवाले. पण लाल डब्यातून रात्रभर गेला असाल तर आठवा. दार एकच. कंडक्टर एकच आणि तो मालक. डबल बेल दिली की गाडी सुटणार, तुम्ही आत असा नाहीतर बाहेर. पुढच्या सीटवरचा माणूस ओकणार की नाही हे तुमच्या हातात नाही, शेजारचा तुमच्या खांद्यावर झोपणार की नाही हेही नाही. मुंबईपासून गणपतीपुळे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. तेवढा वेळ ही सगळी अनोळखी माणसं एका पत्र्याच्या डब्यात कोंडलेली. विनोदी लेखकाला आणखी काय हवं? पळायला जागा नाही. गुपित लपवायलाही जागा नाही, आणि या माणसाचं गुपित तर असं की कपड्यांनीच झाकलेलं! (हसतो.)

बसमधल्या प्रवासाची ही युक्ती काही सचिनची एकट्याची नाही. मेहमूदचा ‘बॉम्बे टू गोवा’ १९७२ चा, आणि तोही १९६६ च्या ‘मद्रास टू पाँडिचेरी’ या तमिळ सिनेमावरून केलेला. बस बदलते, राज्य बदलतं, पण चढणारी माणसं तीच असतात. एक प्रेमी युगुल, एक खादाड, एक भांडकुदळ जोडपं आणि ज्याच्यापासून सगळ्यांनी सावध राहायचं असा एक. फक्त ‘नवसाचा’मध्ये ती बस आपल्या ओळखीची होती. खोपटच्या डेपोत किंवा वंदनाच्या स्टँडवर उभी असायची तशीच. म्हणून ती आपली वाटली.

बरं, आता आमच्या घराची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही.

आम्ही डोंबिवली पूर्वेचे. आजीच्या दोन खोल्यांत बाबा, आई, काका, काकू, आम्ही भावंडं, सगळे. ‘नवसाचा’ची व्हीसीडी आमच्याकडे होती, दोन डिस्कची. दुसऱ्या डिस्कवर ओरखडा पडला होता, त्यामुळे एका जागी चित्र अडकायचं आणि काका उठून प्लेअरला चापट मारायचे. मला बरीच वर्षं वाटायचं की ती चापट सिनेमातलीच आहे.

२००६ च्या मे महिन्यात आम्ही अकरा जण एसटीने गणपतीपुळ्याला गेलो. सिनेमा बघून डोक्यात घेतलेलं, दुसरं काय. ठाण्याहून रात्रीची गाडी. माणगावच्या पुढे एका हॉटेलवर थांबली. कंडक्टरने निघायच्या आधी नियमाप्रमाणे विचारलं, “सगळे आले का?” काका खिडकीतून मान आत घेत म्हणाले, “आले आले, सोडा.” डबल बेल. गाडी सुटली. पाच मिनिटांनी आजी म्हणाली, “अरे, मोठा कुठाय?”

बाबा मागे राहिले होते. वडापाव सांगून रांगेत उभे होते, कुणाला सांगितलं नव्हतं. मोबाइल एकच, तो आईच्या पर्समध्ये. काकांनी घंटीची दोरी एवढ्या जोरात ओढली की कंडक्टर त्यांच्यावर ओरडला, “दोरीला हात लावायचा नाही!” मग बाबा एका मोटारसायकलवरून मागे बसून आले, हातात अर्धा वडापाव. गाडीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी काकांकडे बघितलं आणि उरलेला अर्धा वडापाव काकांना दिला, एक शब्द न बोलता.

ही गोष्ट आमच्याकडे किमान दोनशे वेळा सांगितली गेलीय. लग्नात, बारशाला, दिवाळीच्या फराळाला. “आले आले, सोडा” हे आमच्या घरात वाक्प्रचार झालंय. कुणी काही विसरलं की म्हणायचं, “आले आले, सोडा.”

नंतर बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. डोंबिवलीत राहणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. जागा आजीच्या नावावर, मुलं दोन, नवा फ्लॅट एक. कुणाची चूक होती ते मी इथे बोलणार नाही, आई ऐकते हा पॉडकास्ट. काका कल्याणला खडकपाड्याला राहायला गेले. बाबा आणि काका दोन वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. गणपतीत काका यायचे, आरती करायचे, प्रसाद घ्यायचे आणि जायचे. बाबा तेवढा वेळ बाल्कनीत.

तर, सप्टेंबर २०२४. सात तारखेला गणपती आले, सतराला अनंत चतुर्दशी झाली आणि वीसला ‘नवसाचा २’ लागला. योगायोग असा की त्याच दिवशी राष्ट्रीय सिनेमा दिवस होता, म्हणजे बऱ्याच मल्टिप्लेक्समध्ये ९९ रुपये तिकीट. मी फॅमिली ग्रुपवर टाकलं, “शुक्रवारी रात्रीचा शो, नऊ जण, मी काढतोय, पैसे नकोत.” आणि एक स्मायली. काकांचा ब्लू टिक आला, उत्तर नाही. बाबांचा अंगठा आला. मी दोघांनाही सांगितलं नव्हतं की दुसरा येतोय.

(सरकारच्या कृपेने नव्हे, ९९ रुपयांच्या कृपेने मराठी माणूस सहकुटुंब मल्टिप्लेक्सला गेला, हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं. एरवी नऊ जणांचं तिकीट आणि पॉपकॉर्न म्हणजे एक ईएमआय.)

सिनेमागृहात आम्ही बसलो. बाबा एका टोकाला, काका दुसऱ्या टोकाला, मधे आम्ही सात जण वाळूच्या पोत्यांसारखे. दिवे गेले. काकूने रांगेकडे बघून सवयीने विचारलं, “सगळे आले ना?” आणि काकांच्या तोंडून निघून गेलं, “आले आले.”

अंधारात रांगेच्या दुसऱ्या टोकावरून बाबा म्हणाले, “तू नको सांगूस.”

पूर्ण रांग फुटली हसून. पुढच्या रांगेतल्या बाई वळून बघायला लागल्या, कारण पडद्यावर अजून तंबाखूची जाहिरातच चालू होती. मी काकांकडे बघितलं नाही. ताईने बघितलं. ती म्हणते काका हसत नव्हते, चष्मा पुसत होते.

असो. सिनेमाकडे वळू.

पहिल्यांदा चांगलं सांगतो. अशोक सराफ. त्या वेळी त्यांचं वय ७७. त्याच वर्षाच्या सुरुवातीला त्यांना महाराष्ट्र भूषण मिळाला होता, पुढच्या वर्षी पद्मश्री. पडद्यावर काळा कोट घालून आले आणि आमच्या सिनेमागृहात शिट्ट्या. त्यांचं टायमिंग म्हणजे काय ते शिकवता येत नाही. ते वाक्याच्या आधी अर्धा सेकंद थांबतात आणि त्या अर्ध्या सेकंदात तुम्ही हसून मोकळे होता. वाक्य नंतर येतं, बोनस म्हणून. माझ्या शेजारी सोळा वर्षांचा चुलतभाऊ होता, त्याने पहिला भाग तुकड्यातुकड्याने रील्समध्येच पाहिलाय. तोही हसत होता.

पण आता खरं बोलायचं तर दुसरा भाग पहिल्याला गाठत नाही. माझ्या मते तर नाही. आणि याचं खापर वय, पैसा, व्हीएफएक्स कशावरही फोडता येणार नाही. कारण गाडीत आहे.

बघा, रेल्वे हे कोंडण्याचं वाहन नाही. रेल्वेत माणूस उठून दाराशी जाऊ शकतो. डबे जोडलेले आहेत, भांडण झालं की पुढच्या डब्यात जा. टीसी येतो आणि जातो, कंडक्टरसारखा रात्रभर तुमच्या उरावर बसत नाही. कंडक्टरला तुमची नावं पाठ होतात, टीसीला तुमचा सीट नंबर. पहिल्यात अशोकमामा त्या गावाचे पाटील होते, दुसऱ्यात पाहुणे आहेत. लाडके पाहुणे, पण पाहुणेच. आणि डबे जास्त म्हणून माणसंही जास्त. कलाकारांची यादी मालगाडीसारखी लांब: स्वप्नील जोशी, हेमल इंगळे, सिद्धार्थ जाधव, वैभव मांगले, निर्मिती सावंत. एकेक जण वजनदार, पण कुणालाच पुरेसा वेळ नाही. कुणी फलाटावर डबा गाठून ओळख करून देतोय तोवर गाडी पुढच्या स्टेशनात.

कोकण रेल्वे घेण्याचा मोह मात्र मला समजतो. १९९८ मध्ये पूर्ण मार्ग सुरू झाल्यावर आपल्या ठाण्या-कल्याणच्या चाकरमान्यांचं गावाला जाणंच बदललं. सकाळी ठाण्याला मांडवी पकडली की दुपारी रत्नागिरी, पुढे गणपतीपुळ्यापर्यंत रस्ता. पडद्यावर बोगदे, पूल, हिरवळ सगळं झकास दिसतं. पण खरा विनोद कुठे होता माहितीये का? बुकिंगमध्ये! सकाळी आठच्या आधी लॅपटॉप उघडून बसायचं, एकशेवीस दिवस आधी, आठ वाजून दोन मिनिटांनी वेटिंग तीनशे. आजी आरएसी, बाबा वेटिंग, फक्त अडीच वर्षांच्या बाळाची जागा पक्की, आणि त्याला तिकीटच लागत नाही. (तो नियम आता साठ दिवसांचा झालाय, १ नोव्हेंबर २०२४ पासून. त्रास तोच, फक्त उशिरा सुरू होतो.) किंवा दिव्याहून सुटणारी सावंतवाडी पॅसेंजर. गणपतीच्या आदल्या दिवशी त्या गाडीत बसवा की तुमच्या नवसाच्या माणसाला! तिथे एसटीपेक्षा जास्त कोंडलेलं असतं. तिथे कपडे काढायचे म्हटले तरी हात वर करायला जागा नाही. तो सिनेमा मी पहिल्या दिवशी पहिल्या शोला बघितला असता.

आता दुसरी अडचण, ही जास्त खोल आहे. पहिल्या भागात नवस फेडला नाही तर काय जाणार होतं ते आपल्याला माहीत होतं. दुसऱ्यात त्या जोडप्याची मुलगी मोठी झालीय, जावई आहे, म्हणजे देवाने ऐकलं. गोष्ट सुखरूप पोचलेली आहे. मग परत त्याच वाटेने जायचं म्हणजे काय जाणार आहे? पहिल्यात हसताना पोटात कुठेतरी टोचत होतं. दुसऱ्यात टोचत नाही. सहल झाली, देवदर्शन झालं, घरी आलो.

इथे मला ‘झिम्मा’ आठवतो. हेमंत ढोमे यांचा. पहिला १९ नोव्हेंबर २०२१ ला लागला. महिनाभरापूर्वी, २२ ऑक्टोबरला महाराष्ट्रातली सिनेमागृहं उघडली होती, तीही निम्म्या क्षमतेने. एक खुर्ची सोडून एक. आई आणि तिच्या चार मैत्रिणी मास्क लावून गेल्या होत्या आणि आल्यावर आई तीन दिवस पासपोर्ट शोधत होती. त्यातही तेच सूत्र: अनोळखी बायका, एक नवखा टूर मॅनेजर, इंग्लंड, आणि सुटका नाही. सुहास जोशी, निर्मिती सावंत, क्षिती जोग, सुचित्रा बांदेकर, सोनाली कुलकर्णी, मृण्मयी गोडबोले, सायली संजीव, आणि त्यांना सांभाळणारा सिद्धार्थ चांदेकर.

मग २४ नोव्हेंबर २०२३ ला ‘झिम्मा २’. आता अडचण बघा. दुसऱ्या खेपेला त्या बायका अनोळखी कशा असतील? त्या मैत्रिणी झाल्यात! मैत्रिणींची सहल छान असते, पण तिच्यावर सिनेमा होत नाही, फार तर स्टेटस होतं. तर इरावती कर्णिक यांनी लिहिताना काय केलं, तर निर्मिती सावंत यांच्या निर्मलाबरोबर तिची सून पाठवली, रिंकू राजगुरू. सासू-सून! एकाच घरात राहून अनोळखी असण्याची आपल्याकडची सर्वांत जुनी सोय. पहिल्या भागात निर्मला सगळ्यांची लाडकी होती, साधी, मोकळी. दुसऱ्यात ती सासू आहे. ज्या बाईसाठी आपण टाळ्या वाजवल्या तिलाच आता आपण सुनेच्या बाजूने बघतो, आणि जरा चुळबुळ होते. माझ्यासाठी ‘झिम्मा २’ तिथे जिंकतो. सगळीकडे नाही. सोनाली आणि मृण्मयी दुसऱ्यात नाहीत आणि त्यांची जागा रिकामी जाणवते, काही ठिकाणी सिनेमा पर्यटनाच्या जाहिरातीसारखा होतो. पण निर्मला आणि तिची सून समोरासमोर आल्या की तो पहिल्याच्या बरोबरीने उभा राहतो. आमच्या आईचं मत वेगळं आहे. तिला पहिलाच आवडतो, “कारण त्यात सून नाही.” यावर माझी बायको काही बोलली नाही. मीही बोललो नाही.

बाहेर बघायचं झालं तर अमेरिकेतही हाच घोळ. ‘नॅशनल लॅम्पून्स व्हेकेशन’ म्हणून १९८३ चा सिनेमा आहे. बाप बायकोमुलांना गाडीत कोंबून शिकागोहून कॅलिफोर्नियातल्या एका थीम पार्कला नेतो, वाटेत सगळ्या फजित्या, आणि पोचतो तर पार्क बंद. १९८५ मध्ये त्यांनी त्याच कुटुंबाला युरोपला पाठवलं, म्हणजे फक्त जागा बदलली. तो जरा पडेलच आहे. पण १९८९ मध्ये तिसरा आला, ख्रिसमसचा, आणि त्यात हे कुटुंब कुठे जातच नाही! सगळे नातेवाईक यांच्या घरी येऊन पडतात. सहल उलटी केली. तो आजही दर डिसेंबरला तिकडे घरोघरी लावतात, आपल्याकडे ‘बनवाबनवी’ लावतात तसा. गंमत म्हणजे त्यातली दोन मुलं प्रत्येक भागात वेगळ्याच कलाकारांनी केलीयत आणि कुणाचं काही अडलं नाही, कारण गाडी चालवणारा बाप तोच होता.

आणि ‘बनवाबनवी’वरून आठवलं. ‘अशी ही बनवाबनवी’, १९८८, सचिनचाच. त्याचा सिक्वेल झाला नाही. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्ये गेले, आता होणंही नाही. म्हणून तो सिनेमा कसा अभेद्य किल्ल्यासारखा उभा आहे. त्याला हरवायला घरातूनच कुणी आलं नाही. (आपल्या गावाच्या नावाचंही असंच. ‘डोंबिवली फास्ट’ २००५ चा, मग २०१९ ला ‘डोंबिवली रिटर्न’. दोन्हीत संदीप कुलकर्णी, गोष्ट वेगळी. पण स्टेशनवर लोक विचारायचे, “दुसरा भाग काय?” नाव तसं ठेवलं की तुलना चुकत नाही. ‘झोंबिवली’चं एक बरं, त्याने सरळ गावच खाऊन टाकलं.)

पण मी आता स्वतःच्याच विरुद्ध बोलतो, कारण ताईने हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी मला झापलंय. ती म्हणाली, “तू पहिला किती वेळा बघितलास?” मी म्हटलं, चाळीसेक वेळा. “दुसरा?” एकदा. “मग?”

मुद्दा बरोबर आहे. पहिला ‘नवसाचा’ आपण सिनेमागृहात कमी आणि घरात जास्त बघितला. रविवारी दुपारी टीव्हीवर, जेवण झाल्यावर, अर्धवट झोपेत. कुठूनही लागला तरी कुठे आहोत ते कळायचं. सोनू निगमचं गाणं लागलं की आई स्वयंपाकघरातून बाहेर यायची. ओळीआधी ओळ पाठ. आपण हसतो ते सिनेमातल्या विनोदाला की मागच्या वेळी याच जागी आजी कशी हसली होती त्याला, हे सांगता येत नाही. दुसऱ्या भागाला ती संधीच मिळाली नाही. आता तो आपण एकट्याने फोनवर बघणार, दीडपट वेगाने, मधे रील. त्याची व्हीसीडी कुठे अडकणार नाही आणि काका कुठल्या प्लेअरला चापट मारणार नाहीत.

तरी मी माझ्या मतावर ठाम आहे. चाळीस वेळा बघितला तरी रेल्वेची एसटी होणार नाही. ताई म्हणते, बघू वीस वर्षांनी. माझ्या चुलतभावाची मुलं ठरवतील.

हो, आणि आमचा स्वतःचा सिक्वेल राहिलाच. फेब्रुवारी २०२५ मध्ये आम्ही परत गणपतीपुळ्याला गेलो. रेल्वेने. सणावाराचे दिवस नव्हते, आठवड्याच्या मधे गेलो, सगळ्यांची तिकिटं कन्फर्म. काका आले. बाबाही आले. ऑम्लेट वेळेवर, गाडी जवळजवळ वेळेवर, रत्नागिरीला आधी ठरवलेली गाडी उभी. हॉटेल ऑनलाइन, समुद्राकडची खोली. कुणी मागे राहिलं नाही. बाबा आणि काका देवळाच्या मागे डोंगराला प्रदक्षिणा घालायला एकत्र गेले, तासाभराने आले. काय बोलले विचारलं तर काका म्हणाले, “गुडघ्याबद्दल.” फ्लॅटचं अजून तसंच आहे.

परत येताना ठाण्याला उतरलो तेव्हा चुलतभाऊ म्हणाला, “दादा, ही ट्रिप भारी झाली, पण लोकांना सांगायचं काय?” खरंच काही नाही. फोटो दोनशे सत्तर आहेत, गोष्ट एकही नाही. फलाटावर बॅगा मोजताना बाबांनी मोठ्याने विचारलं, “सगळे आले का?” आणि सगळ्यांनी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, “मी आता बोलणार नाही. तुझं तू मोज.” मग बाबांनी खरंच मोजलं, बोट दाखवून, एकेकाला. एक बॅग कमी निघाली. ती काकांचीच होती, गाडीत राहिली होती. गाडी अजून उभी होती म्हणून चुलतभावाने उडी मारून काढली.

चला, एक तरी मिळाली.

तर कल्याणच्या ताई, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: ‘नवसाचा २’ नाही, ‘झिम्मा २’ निम्मा, आणि त्या अमेरिकनांचा तिसरा हो. तुम्हाला पटत नसेल तर भांडा, पण टाइप करू नका, व्हॉइस नोट पाठवा, दीड मिनिटाच्या आतली. आणि तुमच्या घरी एसटीच्या थांब्यावर कोण मागे राहिलं होतं तेही सांगा. प्रत्येक घरात एक असतोच. चांगल्या नोट्स पुढच्या भागात ऐकवतो. पुढचा भाग रविवारी. आई, तू ऐकत असशील तर रिडेव्हलपमेंटबद्दल मी फक्त दोन वाक्यं बोललोय, मोजून बघ.

भेटू!